टोक गेलेले पाते

काचेवर नक्षी कोरताना खरे तर काच कोणी कापत नाही. कापला जातो तो काचेवर चिकटवलेला ताव. चिकट पाठीचा पातळ प्लास्टिकचा ताव काचेवर बसवायचा, त्यात पात्याने अक्षरे किंवा वेलबुट्टी कापायची, कापलेला भाग सोलून काढायचा आणि उघड्या पडलेल्या काचेवर आम्लाचा लेप द्यायचा किंवा वाळूचा मारा करायचा. उघडी काच दुधी होते, झाकलेली जशीच्या तशी राहते. अशा कापलेल्या तावाला छापा म्हणतात, स्टेन्सिल म्हणतात आणि दुकानात नुसतेच ‘कटिंग’ म्हणतात. गिऱ्हाइकाची मात्र ठाम समजूत असते की कारागीर हिऱ्याच्या टोकाने काच कोरत बसला आहे. कारागीर ही समजूत दुरुस्त करायला जात नाही, कारण दर तिच्यावरच ठरलेला असतो.

उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठचे नामपूर घ्या. कांद्याचा बाजार, डाळिंबाचे मळे आणि आसपासच्या खेड्यांची खरेदी असे हे बाजाराचे गाव. अशा कोणत्याही गावात काचेला काम कमी नसते. पिकअपची मागची काच, दवाखान्याचे दार, कृषी सेवा केंद्राचा काउंटर, पतसंस्थेच्या साहेबांची केबिन, नव्या बंगल्यातल्या देवघराचे कवाड, सगळीकडे काहीतरी लिहिलेले लागते. यांतली पिकअपची काच सर्वांत महत्त्वाची. कांद्याच्या हंगामात लिलावासाठी वाहनांची रांग लागते आणि रांगेतल्या प्रत्येक चालकापुढे वाचायला एकच मजकूर असतो, पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवरचा. इतका निवांत वाचक दिवाळी अंकांच्या वाट्यालाही येत नाही.

हे काम करणाऱ्याला महाराष्ट्रभर ‘रेडियमवाला’ म्हणतात. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याशी त्याचे नाते फार दूरचे आहे. पूर्वी अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या काट्यांना रेडियमचा रंग लावत. त्यावरून चमकेल ते रेडियम असा हिशेब मराठीने करून टाकला आणि पुढे न चमकणारे स्टिकरही त्याच नावाखाली आले. गाडीच्या दिव्यात झळकणाऱ्या तावात रेडियम औषधालाही नसते. त्यातल्या नेहमीच्या जातीत काचेचे अतिबारीक मणी असतात आणि ते आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणजे काचेवर काच चिकटवायची आणि तिला रेडियम म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

काचेला आम्लाने दुधी करण्याची युक्ती जुनी. न्यूरेंबर्गच्या हाइनरिश श्वानहार्ट या कारागिराच्या चष्म्यावर आम्लाचा थेंब पडला आणि काच धुरकट झाली, त्यावरून त्याला १६७० मध्ये ही विद्या सुचली, असे सांगतात. चष्मा फुकट गेला म्हणून हळहळण्याऐवजी त्याने धंदा काढला, यात त्याचे मोठेपण. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये हायड्रोफ्लोरिक आम्लाचा अभ्यास केला. हे आम्ल काच खाते, त्यामुळे ते काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही. वाळूच्या माऱ्याचे पेटंट बेंजामिन टिलघमन या अमेरिकन माणसाने १८७० मध्ये घेतले. स्वदेशीच्या लाटेत महाराष्ट्रात काचेचे कारखाने निघाले. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, आणि ओगले बंधूंचा कऱ्हाडजवळचा कारखाना १९१६ चा. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने मराठी घरांना काच पुसण्याची सवय लावली. काच कोरण्याची हौस पुष्कळ नंतरची.

छापा कापण्याची हौस मात्र काचेच्या आधीपासून घराघरात होती आणि तिची हत्यारेही घरातलीच. रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद हे त्याचे उत्तम उदाहरण. जाड कागदावर समान अंतरावर खुणा करून प्रत्येक खुणेवर पेटती उदबत्ती टेकवली की गोल, स्वच्छ, कडा न उसवलेले भोक पडते. पात्याने इतके गोल भोक पाडायला वर्षभर हात बसवावा लागेल. उदबत्तीला तो जन्मजात बसलेला असतो. भरतकामाचे डिझाइन कापडावर उतरवायचे तर ट्रेसिंग पेपरवरच्या रेघेवर टाचणीने जवळजवळ टोचे मारायचे आणि वरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवायचा. शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत, तेव्हा मेण चढवलेल्या कागदावर लोखंडी लेखणीने लिहीत. जोर जास्त झाला की अक्षराचा मधला गोल तुटून पडे आणि प्रश्नाऐवजी शाईचा ठिपका छापून येई. मुले तो प्रश्न सोडून देत आणि मास्तरांना त्यांना दोष देता येत नसे. गोण्यांवर व्यापाऱ्याचा मार्का उठवायचा साचा तर पत्र्याचा. तो छन्नी-हातोडीने कापायचा, कडा कानशीने घासायच्या आणि वरून ब्रश मारायचा. तिथे बारीक रेघेचा प्रश्नच नसतो. गोणपाटाच्या विणीपुढे अर्ध्या बोटाखालची रेघ टिकत नाही.

कोरण्याच्या पहिल्या हत्याराची ओळख मराठी मुलाला कंपासपेटीतच होते. भूमितीच्या शिक्षकांच्या मते कर्कटक अंतर मोजण्यासाठी असते. शाळेच्या बाकांची साक्ष वेगळी आहे. मात्र कर्कटक ओरखडते, कापत नाही. टोकदार आणि धारदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बारीक रेघेला दोन्ही एकाच हत्यारात लागतात. टोक नसले तर कोपरा सापडत नाही. धार नसली तर ताव कापण्याऐवजी ओढला जातो, त्याला चुणी पडते आणि रेघेची कड करवतीच्या दात्यांसारखी येते.

बाजारातल्या हत्यारांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अपमानित म्हणजे दाढीचे ब्लेड. त्याची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर आणि धार अव्वल. न्हाव्याप्रमाणे ते कागदातल्या कागदात मोडून अर्धे केले की एक कोपरा टोकासारखा वापरता येतो. मराठी घरात या अर्ध्या ब्लेडने पेन्सिलीला टोक काढले आहे, शिवण उसवली आहे, पासपोर्ट फोटो कापले आहेत. छाप्याच्या कामात त्याचा दोष एकच, ते वाकते. पातळ पाते जराशा कलाने लवते आणि रेघ आपल्याच मनाने चालू लागते. शिवाय मूठ नसल्यामुळे बोट आणि धार यांच्यात फक्त विश्वास असतो.

दुसरे हत्यार म्हणजे कटर. खाचा पाडलेले लांब पाते, प्लास्टिकची मूठ, अंगठ्याने पुढेमागे होणारी कळ. ओसाकाच्या योशिओ ओकादा याने ते १९५६ मध्ये काढले. त्याच्या युक्तीची मुळे दोन सांगतात. चपला शिवणारे कारागीर फुटक्या काचेच्या कडेने तळवे घासत आणि कड बोथट झाली की काच पुन्हा फोडून नवी धार घेत. आणि युद्धानंतर जपानात आलेले अमेरिकन सैनिक वाटत त्या चॉकलेटच्या वड्या खाचेवर टक्कन मोडत. काच आणि चॉकलेट यांच्या संगमातून टोक मोडून टाकायचे पाते जन्मले. कंपनीचे ओल्फा हे नावही ‘मोडायचे पाते’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून आले आहे. पाते मोडायचे आहे, हे इतक्या उघडपणे नावातच सांगणारे हत्यार दुसरे क्वचितच असेल.

तरीही ते मोडले जात नाही. हा भारतीय उपयोगातला मुख्य बिघाड आहे आणि त्याचा विचार थोडा विस्ताराने करावा लागतो. लहान कटरचे पाते ९ मिलिमीटर रुंद आणि ०.३८ मिलिमीटर जाड असते आणि त्यावर दहा-बारा खाचा असतात. म्हणजे एका पात्याच्या किमतीत दहा-बारा नवी टोके. ताव काचेवर चिकटवूनच कापत असतील, तर टोक प्रत्येक रेघेला काचेवर टेकते आणि काच त्याला फार काळ सुखाने जगू देत नाही. बारीक कामात एक टोक काही हातभर रेघांपुरतेच खरे धारदार असते. पुढची खाच मोडायला दोन सेकंद लागतात. पण चालते ते टाकून द्यायचे म्हणजे लक्ष्मीचा अपमान, ही शिकवण त्या दोन सेकंदांच्या आड येते. म्हणून बोथट टोकाने काम पुढे रेटले जाते. आधी हात जोर वाढवतो. जोराने पाते घसरते. घसरल्याने गणपतीच्या सोंडेला फाटा फुटतो. फाटा झाकायला त्या जागी एक फूल काढले जाते. मराठी मुलखातल्या काचांवर गणपतीच्या आसपास जी अवांतर फुले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच फुलांचे बी न मोडलेल्या खाचेत असते.

तिसरे आणि बारीक रेघेला सर्वांत योग्य हत्यार औषधाच्या दुकानात मिळते. मूठ कायमची आणि पाते बदलायचे, असा शस्त्रक्रियेचा चाकू न्यूयॉर्कच्या मॉर्गन पार्कर याने १९१५ मध्ये आणला. त्याच्या पात्यांना नंबर असतात. १५ नंबरचे पाते लहान, पोट सुटलेले, वळणाला चांगले. ११ नंबरचे सरळ धारेचे, अणकुचीदार त्रिकोणी, कोपऱ्याला चांगले. दोन्ही ३ नंबरच्या मुठीवर बसतात. कागदकामाचे म्हणून जे पेनासारखे चाकू विकले जातात, त्यांचे पातेही याच अकराच्या घराण्यातले. अडचण फक्त मागण्याची. डॉक्टरची चिठ्ठी नसताना ‘११ नंबरची दोन पाती द्या’ म्हणणाऱ्या माणसाकडे दुकानदार क्षणभर वेगळ्या नजरेने बघतो. ‘रेडियमसाठी’ असे सांगितले की नजर निवळते. निर्जंतुक पाकिटातले पाते फोडायचे आणि पुढच्या क्षणी त्याने ‘साईकृपा’ कापायला घ्यायचे, यात थोडी उधळपट्टी वाटते, पण किंमत पाहिली तर तीही वाटत नाही. पाते मुठीवर चढवताना आणि उतरवताना बोटाने नव्हे, चिमट्याने किंवा पकडीने धरावे. बोट कापताना जसे कापते, तसे पाते बदलतानाही कापते.

चाकू पेनासारखा धरतात, पण लिहिल्यासारखा चालवत नाहीत. रेघ स्वतःकडे ओढून घ्यायची असते. मनगट टेकलेले, टोक थोडे आडवे, श्वास सोडता सोडता एका ओढीत रेघ संपवायची. वळण आले की हात फिरवायचा नाही, काच फिरवायची. आरसा किंवा देवघराचे कवाड असेल तर हे सहज जमते. पिकअपची मागची काच फिरवायची तर पिकअप फिरवावी लागेल. म्हणून गाडीच्या काचेवर कापण्याऐवजी ताव टेबलावर कापून नंतर चढवतात, आणि जे तसे करीत नाहीत ते स्वतःच गाडीभोवती फिरतात.

वळणासाठी फिरते पाते असलेला चाकू मिळतो. त्याचे टोक मुठीच्या अक्षाच्या किंचित मागे असते, त्यामुळे दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या चाकाप्रमाणे ते ओढीच्या दिशेने आपोआप वळते. चाकाप्रमाणेच ते सुरुवातीला भलत्या दिशेला तोंड करून उभे असते आणि पहिल्या दोन मिलिमीटरांत नक्षीचा बेरंग करते. अनुभवी माणूस त्याला आधी टाकाऊ जागेवर टेकवून दिशा देतो आणि मग रेघेवर आणतो.

खरी परीक्षा बारीक रेघेची. छाप्यातली रेघ ही एका कापाची नसते, दोन समांतर कापांची असते, आणि त्या दोहोंमधली पट्टी सोलून काढली की रेघ उघडी पडते. एक मिलिमीटर रुंदीची रेघ घ्यायची तर दोन काप एक मिलिमीटर अंतरावर, शेवटपर्यंत तेच अंतर राखून गेले पाहिजेत. माणसाच्या हाताला हे अवघड जाते. पहिला काप सरळ येतो, दुसऱ्याला तो सरळ आला याचा मत्सर वाटतो. त्यावर उपाय म्हणजे जोडपाते, एका मुठीत शेजारी शेजारी बसवलेली दोन पाती. विकतचे मिळते, पण दोन जुळी पाती, मध्ये लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची घडी आणि बाहेरून चिकटपट्टीचे चार वेढे एवढ्यातही ते तयार होते. घडी वाढवली की रेघ जाड, कमी केली की बारीक. जाड पुठ्ठ्याच्या पत्रिका श्रीमंत घरच्या लग्नात येतात, त्यामुळे रेघेची जाडी काही अंशी गिऱ्हाइकाच्या सोयरिकीवर अवलंबून असते. सरळ रेघेला हे हत्यार सोन्यासारखे. वळणावर मात्र बाहेरच्या पात्याला जास्त चालावे लागते, आतल्याला कमी, आणि एका मुठीत नांदणाऱ्या कोणत्याही दोघांचे असे झाले की जे होते ते होते. वर्तुळाला कंपासमध्ये पेन्सिलीच्या जागी पाते बसवून घेणे बरे.

सरळ रेघेला पट्टी स्टीलची असावी. प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते स्वतःच सोलते आणि पुढच्या प्रत्येक रेघेत तो दात उमटत राहतो. देवनागरी नाव कापताना पट्टीचा पहिला मान शिरोरेषेला. वहीत अक्षरे आधी आणि शिरोरेषा नंतर, असे पहिलीत शिकवलेले असते. काचेवर ते उलटे करावे. शिरोरेषा हा सगळ्या नावाचा वासा आहे. तो एका टोकाला दोन मिलिमीटर खाली आला तरी ‘आईचा आशीर्वाद’ उतरणीला लागल्यासारखा दिसतो.

याच शिरोरेषेमुळे देवनागरी छाप्यात एक पेच पडतो, जो रोमन लिपीत इतका जाणवत नाही. अक्षराच्या आत बंदिस्त झालेला तुकडा पत्र्याच्या साच्यात निराधार होऊन गळून पडतो. रोमन ‘ओ’चा मधला गोल गळतो हे उघड दिसते. देवनागरीत ‘व’चा गोल गळतो, ‘ब’चे तर पोटातल्या तिरक्या रेघेमुळे दोन तुकडे गळतात, आणि ‘प’, ‘म’, ‘स’, ‘ण’ ही वरून उघडी वाटणारी अक्षरे शिरोरेषेचे झाकण बसताच बंद होतात. ‘नामपूर’ या नावात असे दोन तुकडे आहेत, ‘म’मध्ये एक आणि ‘प’मध्ये एक. ‘बागलाण’मध्ये तीन. पत्र्याच्या साच्यात ते धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात, म्हणून गोणीवरची अक्षरे मध्ये मध्ये तुटलेली दिसतात. चिकट तावाचे सुख असे की तुकडा काचेला चिकटूनच राहतो, पूल लागत नाही. फक्त भोवतालची पट्टी सोलताना त्याने सोबत जाऊ नये एवढे बघावे लागते.

सोलण्याचे हे काम कापण्यापेक्षा जास्त वेळ खाते. त्याला हत्यार म्हणजे अणकुचीदार चिमटा आणि एक सुई. सुईने पट्टीचा कोपरा उचलायचा, चिमट्याने धरायचा आणि वर न ओढता मागे, जवळजवळ काचेला समांतर दुमडत न्यायचा. वर ओढले की शेजारची बारीक रेघही उठते. हे काम घरातल्या तांदूळ निवडणाऱ्या हातांना लगेच जमते. चष्मा कपाळावर, ताट मांडीवर आणि खडा दिसला की नेमका तोच उचलायचा, ही सवय त्या हातांना असते.

कोपऱ्यात आणखी एक धोका आहे. दोन काप जिथे मिळतात तिथे पाते थांबले पाहिजे. एक मिलिमीटर अलीकडे थांबले तर सोलताना कोपरा फाटतो. म्हणून हात सहसा पलीकडे जातो. तावावर हे पुढे गेलेले काप दिसत नाहीत. लेप मात्र त्या फटीत शिरतो आणि काच धुतल्यावर प्रत्येक कोपऱ्यातून केसासारखी रेघ बाहेर आलेली असते. अक्षरांना मिशा फुटतात. ‘जय मल्हार’ला त्या शोभून जातात, प्रसूतिगृहाच्या दारावर शोभत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही काप कोपऱ्यातच सुरू करायचे, टोक आधी कोपऱ्यात उभे टोचायचे आणि मग ओढायचे.

रेघ किती बारीक असावी याला पात्याखेरीज इतरही मर्यादा आहेत. वाळूच्या माऱ्याला टिकणारा ताव रबरासारखा जाड असतो. त्यात फार अरुंद चीर कापली तर वाळू तळापर्यंत पोचतच नाही. लेपाला पातळ ताव चालतो, पण अरुंद चिरेत हवेचा बुडबुडा अडकला की तेवढी जागा कोरी राहते. म्हणून लेप ब्रशने दाबून बसवतात. पदक-ढालींवर केसाएवढ्या रेघांची चित्रे दिसतात, ती हाताने कापलेली नसतात. प्रकाशाने घट्ट होणारी फिल्म, वर काळे चित्र आणि मग पाण्याने धुणे अशी ती रीत आहे. गिऱ्हाइकाला मात्र सगळेच एकदम हवे असते. ‘भाऊ, नाव नाजूक काढा, एकदम बारीक. पण स्टँडवरून वाचता आलं पाहिजे.’ ‘दिसंल ना आबा,’ असे म्हणून कारागीर चार मिलिमीटरची रेघ आखतो आणि ती नाजूक आहे असे आबांना पटवतो.

या धंद्यावर कायद्याचे पातेही दोनदा चालले. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली. काचेतून पुढून-मागून ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, हा नियम आधीचाच होता, पण तो असल्याचे त्या दिवशी सर्वांना कळले. पुढे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आणि हाताने कापलेल्या आकड्यांची कला संपली. ती कला लहान नव्हती. २१४ चा ‘राम’, ४१४१ चा ‘दादा’ आणि ४९१२ चा ‘पवार’ करताना एकाच ४ ला कधी म, कधी द आणि कधी प व्हावे लागे. इतके परकायाप्रवेश एका आकड्याकडून गणितानेही करून घेतलेले नाहीत, आणि ते सारे पात्याच्या टोकावर चालत. आता उरली आहेत ती नावे, देव आणि आशीर्वाद.

तीही यंत्र कापू लागले आहे. संगणकावरून चालणाऱ्या प्लॉटरमध्ये असते ते फिरते पातेच, टोक अक्षाच्या जरा मागे असलेले. फरक इतकाच की त्याला मत्सर वाटत नाही, म्हणून दुसरा काप पहिल्याइतकाच सरळ येतो. पण देवनागरीशी त्याची पूर्ण ओळख झालेली नाही. अक्षरे शिरोरेषेने एकमेकांना चिकटलेली असतात हे त्याला सांगावे लागते. वेल्डची आज्ञा द्यायला विसरले की ते प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषा जोडाजोडावर चिरलेली निघते. मग अकरा नंबरचे पाते घेऊन माणूसच ती दुरुस्त करतो. टाइप केलेले जसेच्या तसे कापण्याचा यंत्राचा प्रामाणिकपणाही अंगाशी येतो. ‘आशिर्वाद’ असा ऱ्हस्व टाइप झाला की तो ऱ्हस्वच कापला जातो. तावाचे स्टिकर असेल तर सोलून नवे लावता येते. बाजारात एचिंग म्हणून जे खपते त्यातले पुष्कळसे दुधी फिल्मचे स्टिकरच असते, ही अशा वेळी इष्टापत्ती ठरते. खरोखरच कोरलेल्या काचेवरचा ऱ्हस्व काच फुटेपर्यंत ऱ्हस्वच राहतो.

लेपाबद्दल दोन शब्द. त्यात फ्लोराइडचे क्षार असतात. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांच्याशिवाय तो हाताळू नये, आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाला तर घरी किंवा लहान दुकानात थाराच देऊ नये. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते आणि सुरुवातीला कित्येकदा दुखतही नाही. लेप बाटलीवर सांगितलेला वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवावा. धुतल्यावर काच ओली असते आणि ओल्या काचेवर कोरलेले काहीच दिसत नाही. पुढे उभे असलेले गिऱ्हाईक या क्षणी पैसे परत मागते. काच कोरडी होऊ लागली की एकेक अक्षर वर येते. कारागिराने त्या दोन मिनिटांत चहा सांगावा, उत्तर देऊ नये.

काम संपल्यावर टेबलावर उरतात ती मोडलेली टोके आणि संपलेली पाती. ती मिलिमीटरभर रेघेला निरुपयोगी झालेली असली तरी माणसाच्या बोटाला अजून पुरेशी धारदार असतात. पात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत आणि डबा भरला की झाकण पक्के करूनच बाहेर द्यावा. सुटी पाती पिशवीत घालून घंटागाडीत टाकू नयेत, कारण तिथला कचरा हाताने निवडला जातो.